सहा सामन्यांचा हिशेब

वैनगंगेच्या तीरावर वसलेले भंडारा शहर भातासाठी जसे प्रसिद्ध, तसेच पितळेच्या भांड्यांसाठीही. घरोघरी स्टीलची भांडी आल्यापासून हा धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. तथापि जुन्या पेठेत अजूनही एखादे दुकान असे दृष्टीस पडते, की ज्याच्या फळ्यांवर गुंड, घागरी, पराती आणि समया ओळीने मांडलेल्या असतात आणि गिऱ्हाईक मात्र लग्नसराईवाचून सहसा फिरकत नाही. अशाच एका दुकानाच्या ओट्यावर सन २०२२ च्या एप्रिल महिन्यात रोज सायंकाळी चार माणसे जमत. उन्हे कलली, ओट्यावर पाणी शिंपडले, की ती येऊन बसत आणि भांड्यांविषयी अवाक्षरही न काढता फुटबॉलविषयी बोलत.

दुकानाचे मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सारी पेठ त्यांना काकाजी म्हणे. दुसरा त्यांचा नातू. तो आठवीत शिकत होता. तिसरे भाताच्या गिरणीतील मुनीम. आकडा दिसला की बेरीज केल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. चौथा शेजारच्या घरातील तरुण. तो महाविद्यालयात शिकत असे आणि इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी या संघाचा कट्टर अभिमानी होता. युरोपातील कोणता संघ कोणाशी, कोठे आणि किती गोलांनी हरला, हे त्याला पाढ्यांप्रमाणे मुखोद्गत असे.

नातवाचा संघ मात्र मुंबई सिटी हा होता. भंडाऱ्याहून मुंबई म्हणजे रात्रभराचा आगगाडीचा प्रवास. पण देशातील त्या मोठ्या साखळी स्पर्धेत तेव्हा महाराष्ट्राचा म्हणून तोच एक संघ होता, आणि मुलाला एवढे नाते पुरेसे वाटे. २०१४ साली स्थापन झालेल्या या संघाने २०२०–२१ च्या हंगामात साखळीत पहिला क्रमांक मिळवला. कोलकात्याच्या एटीके मोहनबागानचे गुणही तितकेच झाले होते. गोलांच्या फरकाने मुंबई वरचढ ठरली. त्या यशामुळे तिला आशिया खंडातील श्रेष्ठ संघांच्या स्पर्धेत, म्हणजे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये, प्रवेश मिळाला. ही स्पर्धा २०२२ च्या एप्रिलात व्हावयाची होती, आणि मुंबईच्या गटाचे सर्व सामने सौदी अरेबियाच्या राजधानीत, रियाधला, होणार होते.

मुलाने मागील वर्षीची दिनदर्शिका काढली, तिच्या एका पानाच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा आखल्या आणि तो कागद दुकानाच्या भिंतीवर टांगला. चार संघांची नावे त्याने ठळक अक्षरांत लिहिली : सौदी अरेबियाचा अल् शबाब, संयुक्त अरब अमिरातीचा अल् जझिरा, इराकचा वायुदल संघ आणि मुंबई सिटी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे, म्हणजे एका संघाच्या वाट्याला सहा सामने येत. जिंकणाऱ्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एकेक, आणि हरणाऱ्यास शून्य.

काकाजींना ही रीत चमत्कारिक वाटली. सोळाव्या वर्षी, १९५४ साली, ते मामांच्या दुकानी काम शिकण्यासाठी मुंबईस तांबाकाट्यावर गेले होते. तेथील माणसांबरोबर ते कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहावयास जात. १८९१ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत जो हरला, तो त्याच दिवशी बाद होई.

“म्हणजे हरला तरी पुन्हा खेळायचे?” त्यांनी विचारले.

“होय, काकाजी,” मुनीम म्हणाले, “एका पोत्याचा नमुना पाहून साऱ्या ढिगाचा भाव कोणी करतो का? सहा पोती उघडायची आणि मग ठरवायचे.”

“युरोपातही असेच असते,” तरुण म्हणाला. “बत्तीस संघ, आठ गट. फक्त तिथे एक सामना आपल्या गावी आणि एक त्यांच्या गावी होतो. सहा सामन्यांना तीन महिने लागतात. इथे महामारीमुळे सगळे एकाच शहरात उरकणार आहेत. एकोणीस दिवसांत सहा सामने! खेळाडूंची दमछाक होईल.”

त्याने सांगितलेली युरोपची पद्धत पुढे फार दिवस टिकली नाही. २०२४–२५ पासून तेथे गट मोडण्यात आले. आता छत्तीस संघांची एकच यादी असते आणि प्रत्येक संघ आठ सामने खेळतो. पण त्या एप्रिलात चार संघांचा गट हीच सर्वत्र रूढ रीत होती, आणि ओट्यावरील मंडळींचा सारा वाद या सहा घरांच्या तक्त्याभोवती फिरत असे.

पहिला सामना ८ एप्रिलला अल् शबाबशी झाला. मुंबई तीन गोलांनी हरली. तिला एकही गोल करता आला नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तरुण ओट्यावर आला तो हसतच. आदल्या हंगामात देशातील साखळीतही पाचव्या क्रमांकावर घसरलेल्या संघाने आशियात काय दिवे लावायचे, असे तो म्हणाला. मुलाने त्याला उत्तर दिले नाही. तक्त्यातील पहिल्या घरात त्याने ‘०–३’ असे लिहिले आणि तो आत निघून गेला.

दुसरा सामना ११ एप्रिलचा. प्रतिस्पर्धी होता इराकचा वायुदल संघ, आणि हे नाव भारतीय फुटबॉलप्रेमी जनांना चांगले परिचयाचे होते. २०१६ साली बंगळूरूचा संघ एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. तोपर्यंत एकाही भारतीय संघाला तेवढी मजल मारता आली नव्हती. दोहा येथे झालेल्या त्या सामन्यात या वायुदल संघानेच हम्मादी अहमदच्या एका गोलाने बंगळूरूचे स्वप्न मोडले होते. पुढे २०१७ आणि २०१८ सालीही तो चषक त्यांनीच नेला.

रमजानचा महिना असल्याने सामने रात्री होत. विदर्भातील एप्रिलच्या उकाड्यात लोक गच्चीवर अंथरुणे घालतात. आजोबा आणि नातू दोघेही गच्चीवरच होते. मोबाईलच्या लहानशा पडद्यावरचे काकाजींना दिसत नसे. म्हणून मुलगा पाहत होता आणि हलक्या आवाजात सांगत होता. पूर्वार्ध कोरा गेला. ५९ व्या मिनिटाला इराकी संघाने गोल केला, आणि तोही त्याच हम्मादी अहमदने. मुलाचा आवाज बंद झाला.

“पुढे?” काकाजींनी विचारले.

“पुढे काय, आजोबा? पुन्हा तसेच.”

“अरे, वेळ किती उरली आहे ते सांग!”

पुष्कळ वेळ उरली होती. ७० व्या मिनिटाला मुंबईला पेनल्टी मिळाली आणि दिएगो मॉरिसिओ या ब्राझीलच्या खेळाडूने बरोबरी साधली. त्यानंतर पाचच मिनिटांनी कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर राहुल भेके उंच उसळला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. भेके हा मुंबईचाच खेळाडू. त्याचे काम वास्तविक गोल अडवण्याचे. पण मोक्याच्या वेळी पुढे धावून डोक्याने गोल करण्याची त्याला जणू सवयच होती. २०१९ च्या मार्च महिन्यात भारतीय साखळीच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेतील अखेरच्या मिनिटांत, असाच गोल करून त्याने बंगळूरूला विजेतेपद मिळवून दिले होते. आता त्याच्याच शहराच्या संघाला त्याचा उपयोग झाला. सामना मुंबईने २–१ असा जिंकला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. आदल्याच वर्षी, २०२१ साली, गोव्याचा संघ त्या गटात खेळणारा पहिला भारतीय संघ ठरला होता. त्याने तीन सामने बरोबरीत सोडवले, परंतु विजय त्याच्या हाती लागला नव्हता.

मुलाने गच्चीवर एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली, की शेजारची दोन अंथरुणे जागी झाली. त्यांतले एक त्या महाविद्यालयीन तरुणाचे होते. तो उठून कठड्याशी आला, त्याने गोलसंख्या विचारली, आणि काही न बोलता पुन्हा जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी मात्र मुलाने ‘२–१’ लिहिताना खडू त्यानेच हाती दिला.

यानंतर अल् जझिराची पाळी आली. तरुणाचा मूळ स्वभाव कोठे जाणार? “हे असले संघ युरोपातल्या दुसऱ्या फळीतसुद्धा टिकणार नाहीत,” तो म्हणाला.

मुनीमजींनी यावेळी तयारी केली होती. “२०१७ चा डिसेंबर आठवतो का? अबू धाबीला जगातल्या क्लबांची स्पर्धा झाली, त्यात उपान्त्य सामना कोणाचा होता?”

तरुणाला ते आठवत होते. त्या दिवशी रेआल माद्रिदसारखा युरोपचा विजेता संघ मध्यंतराला एका गोलाने मागे होता, आणि पुढे असलेला संघ होता हाच अल् जझिरा. उत्तरार्धात रोनाल्डो आणि बेल यांनी गोल केले, तेव्हा माद्रिद कसेबसे २–१ असे सुटले.

“तोच हा संघ,” मुनीम म्हणाले. “नाव मोठे नसले म्हणून माल हलका समजू नये.”

त्या अल् जझिराशी मुंबईचे दोन सामने झाले. एकात ती एका गोलाने हरली, दुसरा गोलशून्य बरोबरीत राहिला. दोहोंतून एक गुण पदरी पडला. चार सामन्यांत चार गुण! मुनीमजींनी दिनदर्शिकेच्या कडेला बेरजा मांडून पाहिल्या आणि दुसरा क्रमांक हाती लागण्याजोगा आहे, असा निर्वाळा दिला. मुलाने त्यांच्याकडून तीच बेरीज तीनदा करवून घेतली.

अशा वेळी माणूस पुढचे मनोरे रचू लागतो. मुलानेही ते रचले. पाचवा सामना पुन्हा अल् शबाबशी होता. पहिल्या वेळी ०–३, तेव्हा या वेळी निदान बरोबरी तरी होईल, असे त्याने धरले होते. पण मुंबई ०–६ अशी हरली.

“बाप्पा! सहा?” मुनीमजींच्या तोंडून निघून गेले.

त्या दिवशी तक्त्यातील पाचवे घर रिकामे राहिले. दुसऱ्या दिवशीही रिकामेच. तरुणानेही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. ही गोष्ट त्याच्या लौकिकास शोभणारी नव्हती, म्हणून नमूद करावीशी वाटते. अखेर काकाजींनी मुलाला जवळ बोलावले.

“आकडा का लिहिला नाहीस?”

“सगळ्यांना ठाऊक आहे तो, आजोबा. भिंतीवर कशाला हवा?”

काकाजींनी फळीवरून आपली जुनी खतावणी काढली. “हे पाहा. या सालापासून लोकांनी पितळ घेणे सोडले. हे पान तोट्याचे, हेही तोट्याचे. ही पाने फाडली असती, तर दुकान किती पाण्यात आहे हे मला कधीच कळले नसते. लिही.”

मुलगा उठला नाही. त्याच्या मनातील खरा प्रश्न निराळाच होता, आणि तो त्याने आता विचारला. “आजोबा, आपण भंडाऱ्याचे. तो संघ मुंबईचा. त्यातले निम्मे खेळाडू परदेशांतले, नाहीतर परप्रांतांतले. मग तो हरला की मला का वाईट वाटावे?”

काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी कूपरेजची हकीकत सांगितली. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारताच्या संघाने १९५१ आणि १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. तांबाकाट्यावरचा सोळा वर्षांचा पोऱ्या त्या पोलिसांचा खेळ पाहून वेडा झाला होता. बरोबरीचे कामगार त्याची थट्टा करीत, की तू धड मुंबईचा नाहीस, हैदराबादचा नाहीस आणि पोलीस तर नाहीसच नाहीस!

“मग तुम्ही काय म्हणायचे?”

“काय म्हणणार? आणे जमवून पुढच्या सामन्याचे तिकीट काढायचो. ती स्पर्धा आता भरत नाही. २०००–०१ नंतर बंदच पडली. पण त्या संघातले खेळाडू चेंडू कसा देत-घेत, ते मला आजही दिसते. तुझा मोबाईल दिसत नाही, पण ते दिसते.”

मुलाने खडू घेतला आणि पाचव्या घरात ‘०–६’ लिहिले. शून्य त्याने अगदी लहान काढले.

सहावा सामना २६ एप्रिलला, पुन्हा इराकच्या वायुदल संघाशी. योगायोग असा, की त्याच रात्री युरोपात मँचेस्टर सिटी आणि रेआल माद्रिद यांचा उपान्त्य फेरीतील पहिला सामना होता. मुंबई सिटीची मोठी मालकी २०१९ पासून तेव्हा त्याच मँचेस्टरवाल्यांच्या उद्योगसमूहाकडे होती. तेव्हा एकाच घरची थोरली आणि धाकटी पाती एकाच रात्री मैदानात उतरली होती, असे म्हणता येईल. थोरल्या पातीचा सामना सारे जग पाहत होते, आणि तो होताही तसाच. मँचेस्टरने तो ४–३ असा जिंकला. अशा रात्री रियाधकडे कोण पाहणार?

तरी मुलाने पाहिले. ३१ व्या मिनिटाला मॉरिसिओने गोल केला, आणि तो एक गोल मुंबईने शेवटपर्यंत राखला. १–० असा हा सामना संपला, तेव्हा कठड्यापलीकडून प्रश्न आला, “काय झाले रे मुंबईचे?”

“जिंकलो, दादा!”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर शेवटची बेरीज झाली. सहा सामने : दोन विजय, एक बरोबरी, तीन पराभव. एकूण गुण सात. केलेले गोल तीन, झालेले अकरा. गटात मुंबईचा क्रमांक दुसरा लागला होता. मुलाने ‘दुसरा’ हा शब्द लाल खडूने लिहिला आणि मग विचारले, “आता पुढची फेरी कधी?”

मुनीमजींनी चष्मा पुसला. हे सांगण्याचे काम आपल्यावर येणार, हे ते दोन दिवसांपासून जाणून होते. आशियाच्या पश्चिम विभागात त्या वर्षी पाच गट होते. पाचही गटांतील पहिले संघ पुढे जाणार; पण दुसऱ्या क्रमांकाच्या पाच संघांपैकी केवळ तिघांनाच जागा होती. मुंबई त्या तिघांत नव्हती.

“म्हणजे दुसरे येऊनही बाद?”

“हो.”

“शबाबशी सहा गोल झाले नसते तर?”

मुनीमजी क्षणभर अडखळले. खोटा दिलासा देणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि मुलाचा विरस करणेही जिवावर येत होते. “गोलांचा फरक गुण सारखे झाल्यावर कामाला येतो,” ते शेवटी म्हणाले. “आधी गुण हवेत, बाळा. तेच कमी पडले.”

हा न्याय मुलाला कठोर वाटला असल्यास नवल नाही. पण गटपद्धतीत गुणांचा हिशेब आपल्याच तक्त्यापुरता नसतो. इतर गटांत काय घडले त्यावरही आपले भवितव्य अवलंबून असते, आणि प्रेक्षकांच्या ध्यानी ही गोष्ट सहसा शेवटीच येते. तरुण त्या दिवशी पुष्कळ वेळ बसला. युरोपात कोणते मोठे संघ गटातच बाद झाले, याची त्याने यादी सांगितली. मुलाचे त्या यादीकडे लक्ष नव्हते. परंतु ती कशासाठी सांगितली जात आहे, हे त्याला कळले असावे.

दीड वर्षाने, २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, मुंबई पुन्हा त्याच स्पर्धेत उतरली. भिंतीवर नवा कागद टांगला गेला. या वेळी गटात सौदीचा अल् हिलाल, इराणचा नसाजी आणि उझबेकिस्तानचा नवबहोर हे संघ होते. सामने आता एका शहरात नव्हते. मुंबईने आपल्या घरचे सामने पुण्यात बालेवाडीला ठेवले होते, केवळ अल् हिलालशी होणारा सामना नवी मुंबईत होता. रियाधला मुंबई त्यांच्याकडून ०–६ अशी हरली होती. अल् हिलालने ब्राझीलच्या नेमारला विकत घेतल्यापासून साऱ्या देशाचे लक्ष त्या सामन्याकडे लागले होते. परंतु ऑक्टोबरात नेमारच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो येणार नाही, हे निश्चित झाले.

तरीही मुलगा गेला. तो आता दहावीत होता. शाळा बुडवण्यास घरून नकार आला होता. पण काकाजींनी तिकिटाचे पैसे दिल्यावर कोणी फार बोलले नाही. सोबत महाविद्यालयीन तरुण होता. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर दोघे विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढले आणि ६ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी आयुष्यात प्रथमच आपला संघ प्रत्यक्ष पाहिला. पडद्यावर बोटाएवढे दिसणारे खेळाडू प्रत्यक्षात केवढे आडदांड असतात आणि चेंडूला लाथ बसल्याचा आवाज किती उशिरा कानी येतो, याचेच मुलाला अधिक नवल वाटले. मुंबई ०–२ अशी हरली. चार सामने, चार पराभव.

परत आल्यावर मुलाने दुकानात पाऊल टाकताच प्रथम तक्ता पाहिला. चौथे घर भरलेले होते. ‘०–२’ हे आकडे थरथरत्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलेले होते.

“किती उरले?” काकाजींनी गादीवरून विचारले.

“दोन, आजोबा. एक पुण्याला आहे.”

“मग पुण्याच्या गाडीचे काय ते पाहून ठेव,” काकाजी म्हणाले, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला समई दाखवण्यासाठी उठले.